संत गाडगेबाबा : निराश्रितांचा आधारवड

आगमनकाळाच्या अखेरच्या दिवसांत, नाताळ अवघ्या पाच दिवसांवर आलेला असताना, २० डिसेंबर रोजी संत गाडगेबाबांची पुण्यतिथी येते. त्या दिवशी वऱ्हाडातील गावोगावी रस्ते झाडले जातात, कीर्तने होतात, गोरगरिबांना अन्नदान केले जाते. त्याच सुमारास आपल्या धर्मग्रामांतून गोठे सजविले जात असतात आणि बेथलेहेमच्या उतारशाळेत जागा न मिळालेल्या एका कुटुंबाची कथा पुन्हा ऐकण्याची तयारी आपण करीत असतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काय संबंध, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. आम्हांला तो संबंध फार जवळचा वाटतो. ज्यांना कोठेही जागा नाही त्यांच्यासाठी उतारशाळा बांधणे हेच ज्यांनी आपले जीवितकार्य मानले, अशा एका थोर पुरुषाचे चरित्र आम्ही येथे सादर करीत आहोत.

गाडगेबाबा हे नाव उच्चारताच हातात खराटा घेतलेली मूर्ती डोळ्यांपुढे येते. महाराष्ट्र शासनाने २००० साली ग्रामस्वच्छता अभियानाला त्यांचे नाव दिले. पुढे २००५ साली अमरावती विद्यापीठाचेही त्यांच्या नावाने नामकरण झाले. स्वच्छता व शिक्षण या दोन क्षेत्रांत त्यांचे स्मरण आवर्जून केले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु त्यांच्या कार्याची आणखी एक बाजू आहे व तिच्याकडे फारसे लक्ष जात नाही. परगावाहून सरकारी इस्पितळात येणारा गरीब रुग्ण आणि त्याच्यासोबतची माणसे यांच्या निवाऱ्याची चिंता त्यांनी वाहिली. या लेखात आम्ही मुख्यतः त्याच बाजूचा विचार करणार आहोत.

दापुऱ्याचा गुराखी

गाडगेबाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजातील एका घरात त्यांचा जन्म झाला. आईचे नाव सखुबाई. वडील व्यसनाच्या आहारी गेले व डेबू लहान असतानाच त्यांचे निधन झाले. निराधार झालेली सखुबाई आपल्या मुलाला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. पूर्णेच्या खोऱ्यातील या काळ्या मातीत डेबूचे बालपण गेले. आरंभी त्याने गुरे राखली, पुढे मामाच्या शेतात तो राबू लागला. शाळेचे तोंड त्याने कधी पाहिले नाही.

मामाची शेती सावकाराच्या कर्जात बुडाली. निरक्षर कुळाच्या नावावर कागदोपत्री काय लिहिले आहे हे कुळालाच ठाऊक नसे, आणि त्या कागदाच्या बळावर जमीन हातची जाई. वऱ्हाडातील कापसाच्या मुलखात अशी कुटुंबे गावोगाव होती. मामा त्या धक्क्यातून सावरले नाहीत. जमिनीचा ताबा घेण्यास आलेल्या सावकाराच्या माणसांना तरुण डेबूजीने निर्धाराने अडविले, ही हकीकत त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवून ठेविली आहे. घर, शेत व कागद यांच्या अभावी माणूस किती असहाय होतो याचा पहिला धडा त्यांना मूर्तिजापूरच्या परिसरातच मिळाला.

१८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजानुसार दारू व मांसाचे जेवण देण्याचे त्यांनी नाकारले व गोडाचे जेवण घातले. ऋण काढून सण साजरे करणे, देवापुढे मुक्या जिवांचा बळी देणे, व्यसनांत पैसा उधळणे या गोष्टींचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. यांतूनच आपल्या बांधवांचे संसार उद्ध्वस्त होतात हे त्यांनी आपल्या घरातच अनुभवले होते.

घर सोडले, गावोगाव आपली मानली

१ फेब्रुवारी १९०५ रोजी, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, डेबूजींनी घर सोडले. त्यानंतरची सुमारे बारा वर्षे त्यांनी अनवाणी भ्रमंतीत घालविली. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात खराटा व सोबत मातीचे फुटके गाडगे, एवढाच त्यांचा संसार होता. त्याच गाडग्यात ते भाकरी मागून खात आणि त्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. एखाद्या गावात गेल्यावर ते प्रथम रस्ते व गटारे साफ करीत. गावकरी विचारपूस करीपर्यंत अर्धे गाव स्वच्छ झालेले असे. रात्री कीर्तन होई आणि दुसऱ्या दिवशी बाबा पुढच्या गावाच्या वाटेला लागलेले असत.

या भ्रमंतीचा एक परिणाम आपण ध्यानात घेतला पाहिजे. परक्या गावात अनोळखी माणसाला काय भोगावे लागते हे बाबांनी स्वतःच्या अंगावर घेतले. तू कोण, कोठला, कोणत्या जातीचा, हे प्रश्न त्यांना रोज ऐकावे लागले. त्यांचा अवतार पाहून कोणी वेडा म्हणून हाकलून देई, तर कोणी चोर म्हणून संशय घेई. अंगणात निजू देण्यापूर्वीही माणसाची ओळख मागणारे जग त्यांनी जवळून पाहिले. पुढे त्यांनी जेव्हा हजारो लोकांसाठी निवारे उभे केले, तेव्हा तेथे येणाऱ्याची जात विचारली जाणार नाही, हा त्यांचा आग्रह याच अनुभवातून आला असावा, असे आम्हांला वाटते.

१९०८ च्या सुमारास त्यांनी ऋणमोचन येथे पूर्णा नदीवर घाट बांधण्याचे काम हाती घेतले. तेथील पौष महिन्यातील यात्रेत येणाऱ्या आंधळ्या, पांगळ्या व महारोगी बांधवांना ते अन्नवस्त्र देत. ज्यांना स्पर्श करण्यास लोक कचरत, अशा कुष्ठरुग्णांना ते आपल्या हातांनी स्नान घालीत. त्या काळी कुष्ठरोगावर खात्रीचे औषध नव्हते. रोग जडलेल्या माणसाला घरादारातून बाहेर काढले जाई व तो आपल्याच मुलखात परागंदा होई. अशा माणसाला बाबांनी दिलेली पहिली गोष्ट म्हणजे माणसाचा स्पर्श. प्रभू येशूने कुष्ठरोग्याला बरे करण्यापूर्वी त्याला हात लावला, हे आपण शुभवर्तमानात वाचतो. स्पर्शाचे मोल आपल्याला वेगळे सांगावयास नको.

चोखामेळ्याच्या नावाची धर्मशाळा

त्या काळच्या बहुतेक धर्मशाळा जातीजातींच्या होत्या. पंढरपूरला विठ्ठलाच्या दर्शनास जाणाऱ्या अस्पृश्य समाजातील वारकऱ्यांना मंदिरात प्रवेश नव्हताच, पण ऊनपावसात डोके टेकण्यासही जागा मिळत नसे. बाबांनी १९२० च्या सुमारास पंढरपुरात त्यांच्यासाठी धर्मशाळा उभारली व तिला संत चोखामेळा यांचे नाव दिले. बाबांनी ही वास्तू १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली, ही घटना सर्वश्रुत आहे. आळंदी, देहू व नाशिक येथेही त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मूर्तिजापूर येथे १९२५ च्या सुमारास गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय उभे राहिले. ज्या तालुक्यात एक पोरका मुलगा आजोळच्या आश्रयाला आला होता, त्याच तालुक्यात आता वाटसरूंना आश्रय मिळू लागला.

या वास्तूंवर लोकांनी लाखो रुपये खर्च केले. बाबांनी मात्र त्यांतील एका पैशाचाही स्वतःसाठी उपयोग केला नाही. आपल्या कुटुंबीयांनाही त्यांनी या वास्तूंवर हक्क सांगू दिला नाही. दान देणाऱ्यांना ते विश्वस्त नेमावयास लावीत व आपण बाजूला होत. शेकडो खोल्या बांधणारा हा माणूस स्वतः झाडाखाली वा एखाद्या झोपडीत निजत असे.

१९२३ साली त्यांच्यावर एक कठोर प्रसंग आला. कुत्रा चावल्याचे निमित्त होऊन त्यांचा मुलगा गोविंदा मरण पावला. कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना त्यांना ही वार्ता कळली. कीर्तन न थांबविता त्यांनी ते पूर्ण केले, असे चरित्रकार सांगतात. या प्रसंगातील त्यांच्या वैराग्याचे वर्णन नेहमी होते. आम्हांला येथे दुसरीही एक गोष्ट सांगावीशी वाटते. कुत्र्याच्या विषावरील लस फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी १८८५ सालीच सिद्ध केली होती. भारतात कसौली येथे १९०० साली व कुन्नूर येथे १९०७ साली त्यासाठी संस्था निघाल्या होत्या. औषध जगात होते. पण ज्या जगात ते होते ते जग आणि वऱ्हाडातील झोपडी यांच्यामध्ये शेकडो मैलांचे अंतर, प्रवासखर्च, अनोळखी शहर आणि अनोळखी भाषा एवढे सगळे पसरलेले होते. हे अंतर कमी करणे ही सुद्धा रुग्णसेवाच आहे.

इस्पितळाच्या दाराबाहेर

मुंबईचे सर जमशेटजी जीजीभाई रुग्णालय १८४५ साली सुरू झाले. जे. जे. या नावाने ओळखले जाणारे हे इस्पितळ गरिबांसाठी खुले होते. कोकण, खानदेश, मराठवाडा, वऱ्हाड अशा दूरदूरच्या भागांतून आजारी माणसे तेथे येत. ज्याला खाट मिळे त्याची सोय लागे, पण त्याच्यासोबत आलेली आई, बायको वा भाऊ यांनी कोठे जावे? आज तपासणी झाली आणि डॉक्टरांनी आठ दिवसांनी पुन्हा बोलाविले, तर त्या रुग्णाने ते आठ दिवस कोठे काढावेत? मुंबईत नातेवाईक नाहीत, खानावळीला पैसे नाहीत, अशी माणसे पदपथावर पथारी टाकीत, तेथेच तीन दगडांची चूल मांडीत. पावसाळा आला की हाल विचारू नयेत. कित्येक जण उपचार अर्धवट टाकून गावी परतत. इस्पितळाने त्यांना नाकारलेले नसे. तरीही इस्पितळाचा लाभ त्यांना घेता येत नसे.

बाबांच्या नजरेने ही अडचण नेमकी हेरली. त्यांना वैद्यकीय ज्ञान नव्हते, आणि नवे इस्पितळ बांधावे असेही त्यांच्या मनात आले नाही. जे इस्पितळ आहे तेथवर गरिबाला पोहोचता यावे आणि बरा होईपर्यंत तेथे टिकून राहता यावे, यासाठी काय कमी आहे, एवढाच विचार त्यांनी केला. कमी होते ते छप्पर. १९५४ साली जे. जे. रुग्णालयाच्या रुग्णांसाठी व त्यांच्या नातेवाइकांसाठी त्यांच्या प्रयत्नाने धर्मशाळा उभी राहिली. त्या वेळी बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते व मधुमेहाने त्यांचे शरीर थकले होते. त्यांच्या पश्चात मुंबईत दादर येथे त्यांच्या नावाने चालणाऱ्या धर्मशाळेत टाटा रुग्णालयात येणाऱ्या कर्करुग्णांना अल्प खर्चात आसरा मिळू लागला. देशाच्या कानाकोपऱ्यातून आलेले कितीतरी रुग्ण केवळ या छपरामुळे आपले उपचार पूर्ण करू शकले.

आपल्या ख्रिस्तसभेच्या इतिहासाशी हे कार्य ताडून पाहण्यासारखे आहे. चौथ्या शतकात कैसरियाचे महागुरू संत बाझील यांनी नगराबाहेर एक मोठी वसाहत उभारली. वाटसरूंसाठी निवारा, रुग्णांसाठी वैद्य आणि कुष्ठरोग्यांसाठी स्वतंत्र जागा, अशी तिची रचना होती. हॉस्पिटल हा शब्दसुद्धा ज्या लॅटिन शब्दापासून आला त्याचा अर्थ पाहुणा असा होतो. म्हणजे आरंभी उतारशाळा व इस्पितळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या. पुढे वैद्यकशास्त्र वाढले, यंत्रे आली, इस्पितळे मोठी झाली आणि पाहुण्याची खोली मात्र बाहेर राहिली. दयाळू शोमरोनीच्या दाखल्यातही हेच आढळते. त्याने जखमी परक्याच्या जखमा बांधल्या, आणि तेवढ्यावर न थांबता त्याला उतारशाळेत नेले, तेथील खर्च भरला व परत येण्याचे वचन दिले. जखम बांधणे व जागा देणे ही दोन्ही कामे त्याने एकच मानली. गाडगेबाबांनी हा दाखला वाचलेला नव्हता, त्यांना वाचताच येत नव्हते. तरी त्यांनी तो आचरणात आणला.

निराश्रितांचा काळ

बाबांच्या आयुष्याची अखेरची वर्षे म्हणजे महाराष्ट्राने निराश्रितांचे लोंढे पाहिले तो काळ. दुसऱ्या महायुद्धात मायदेशाला मुकलेले सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित, त्यांतील बहुसंख्य कॅथलिक स्त्रिया व मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. त्यांच्या छावणीत चर्च होते, शाळा होत्या आणि इस्पितळही होते. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांना कल्याणजवळील लष्करी छावणीत आसरा मिळाला व १९४९ साली तिचे उल्हासनगर असे नामकरण झाले. त्याच काळात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी कोलकाता नगरी भरून गेली होती. तेथे रस्त्यावर मरणासन्न पडलेल्या व इस्पितळात जागा न मिळालेल्या माणसांसाठी मदर तेरेजा यांनी २२ ऑगस्ट १९५२ रोजी निर्मल हृदय हे सेवाघर उघडले. त्यासाठी महापालिकेने त्यांना दिलेली वास्तू कालीघाटच्या मंदिराला लागून असलेले यात्रेकरूंचे विश्रामगृह होते! त्याच वर्षी, ८ फेब्रुवारी १९५२ रोजी, महाराष्ट्रात श्री गाडगे महाराज मिशनची स्थापना झाली होती. एकीकडे एका धर्मभगिनीने धर्मशाळेत रुग्णालय थाटले, तर दुसरीकडे एका कीर्तनकाराने रुग्णालयाशेजारी धर्मशाळा बांधली.

जे. जे. रुग्णालयाच्या पदपथावरील शेतकरी कुटुंब कायद्याच्या भाषेत निर्वासित नव्हते. ते आपल्याच देशात, आपल्याच राज्यात होते. पण आजारपणात त्याची अवस्था निर्वासितापेक्षा फारशी वेगळी नव्हती. आश्रय नाही तो निराश्रित, हा शब्दाचा साधा अर्थ बाबांनी प्रमाण मानला.

हा प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. भारताने निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही व त्यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. तथापि सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली अरुणाचल प्रदेशातील चकमा निर्वासितांच्या प्रकरणात, जीविताचे संरक्षण नागरिक नसलेल्या माणसालाही लाभते असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी पश्चिम बंगालमधील दुसऱ्या एका प्रकरणात, सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार न देणे हा जीविताच्या हक्काचा भंग ठरविला. दार उघडे आहे. परंतु दारापाशी शिधापत्रिका, आधार कार्ड, पत्ता यांची विचारणा होते, फॉर्म भरावा लागतो, डॉक्टरांची भाषा कळावी लागते आणि पुढच्या तारखेपर्यंत शहरात राहावे लागते. आपल्या विदर्भातच गोंदिया जिल्ह्यात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. मोठ्या आजारासाठी नागपूर गाठणारा तेथील वृद्ध आणि मेळघाटातून अमरावतीला येणारी कोरकू माता, दोघांपुढील प्रश्न बव्हंशी सारखेच असतात.

अखेरचा प्रवास

१९५६ साली बाबांची प्रकृती ढासळत गेली, तरी त्यांची भ्रमंती थांबली नाही. त्या वर्षी नोव्हेंबर महिन्यात मुंबईत वांद्रे येथील पोलीस ठाण्याच्या आवारात त्यांनी केलेले कीर्तन हे त्यांच्या शेवटच्या कीर्तनांपैकी एक ठरले. ६ डिसेंबर रोजी डॉ. आंबेडकरांचे निधन झाले. त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे नेत असताना वलगावनजीक पेढी नदीच्या काठी बाबांनी देह ठेवला. आपला अमरावती धर्मप्रांत तेव्हा अवघ्या दीड वर्षाचा होता. अमरावतीत ज्या भागात त्यांची समाधी आहे तो भाग आज गाडगेनगर म्हणून ओळखला जातो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली अन्य धर्मांतील सत्य व पावित्र्य यांचा आदर करण्याची शिकवण आपल्याला दिली. गाडगेबाबांचे चरित्र वाचताना ती शिकवण अंगी बाणविणे कठीण जात नाही. मात्र केवळ आदर व्यक्त करून आपले कर्तव्य संपते असे आम्हांला वाटत नाही. आपल्या धर्मभगिनींनी दवाखाने चालविले आहेत व आजही चालवीत आहेत. पण ज्या धर्मग्रामात दवाखाना नाही त्या धर्मग्रामालाही करता येण्यासारखे पुष्कळ आहे. जिल्हा रुग्णालयाच्या गावी चर्चच्या आवारातील एखादी खोली परगावच्या रुग्णाच्या नातेवाइकांना रात्रीपुरती देता येईल. आठवड्यातून एक दिवस डबे पोहोचविता येतील. आपल्या तरुणांना फॉर्म भरण्यास, रांगेत उभे राहण्यास, एखाद्याची भाषा डॉक्टरांना समजावून सांगण्यास मदत करता येईल. याला मोठा निधी लागत नाही. समोरच्याची जात, धर्म आणि कागद विचारण्यापूर्वी त्याला बसावयास जागा देण्याची तयारी मात्र लागते.

हेरोदाच्या भयाने मिसर देशी परागंदा झालेल्या पवित्र कुटुंबाला तेथे कोणी आसरा दिला, त्याचे नाव शुभवर्तमानात आलेले नाही. बाळ येशू तेथे आजारी पडला असेल, तर कोणा शेजारणीने मरियामातेला औषध दिले, हेही आपल्याला ठाऊक नाही. तो अनाम शेजारी होण्याची संधी आपल्याला आजही आहे. यंदाच्या नाताळात गोठ्यापुढे गुडघे टेकताना आपल्या गावातील इस्पितळाच्या ओसरीवर रात्र काढणाऱ्या माणसांची आपल्याला आठवण व्हावी आणि त्यांच्यासाठी आपल्या दाराची कडी निघावी, अशी आम्ही प्रभुचरणी प्रार्थना करतो.